'ब्लडी किसेस'ची वाढीव आवृत्ती : खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टाइप ओ निगेटिव्ह या गॉथिक मेटल बँडच्या 'ब्लडी किसेस' या अल्बमची दोन सीडींची आवृत्ती मी या उन्हाळ्यात परत एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली आणि स्टेटसला फोटो टाकायची चूक केली. तेव्हापासून दोन भाचे, जळगावच्या हॉस्टेलवरची पोरं, धुळ्याचा एक जुना दोस्त आणि चक्क एक मामा, सगळे तेच तेच विचारताहेत. प्रत्येकाला वेगळं टाइप करून बोटं दुखली, म्हणून इथे एकदाच लिहितो. पहिले काही प्रश्न नवख्यांसाठी आहेत. ज्यांची पारायणं झालीत, त्यांनी थेट सहाव्या प्रश्नाकडे जावं.

1. गॉथिक मेटल म्हणजे काय भो? भुताखेतांची गाणी का?

भुतं असतात, पण पाहुण्यासारखी येऊन जातात. मूळ माल दोन ठिकाणचा आहे. ब्लॅक सॅबथने 1970 पासून रुळवलेली जड, संथ गिटार हा एक. दुसरा म्हणजे 1980च्या आसपास इंग्लंडात उगवलेलं गॉथिक रॉक : बाउहाउस, सिस्टर्स ऑफ मर्सी वगैरे मंडळींचा खोल, थंड, उदास आवाज. हॅलिफॅक्सच्या पॅराडाइज लॉस्टने 1991 मध्ये 'गॉथिक' नावाचाच अल्बम काढला आणि या मिश्रणाला ते नाव चिकटलं.

आपल्या भाषेत सांगायचं तर जड गिटार हे वांगं आणि उदासपणा हा कपाशीच्या काड्यांवर भाजल्याचा धूर. धूर नसेल तर ती वांग्याची भाजी झाली, भरीत नाही. हल्ली गॉथिक म्हणून खपवलेल्या पुष्कळ बँडांकडे वांगी उत्तम असतात, पण ती गॅसवर भाजलेली.

2. हा बँड कुठला? कोण कोण वाजवतं?

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनचा. पीटर स्टील (गायन आणि बास), जॉश सिल्व्हर (कीबोर्ड), केनी हिकी (गिटार) आणि साल अब्रुस्काटो (ड्रम). निर्मिती स्टील आणि सिल्व्हर या दोघांची. स्टील सहा फूट आठ इंच उंच होता आणि बँड चालायला लागेपर्यंत न्यूयॉर्कच्या बागा सांभाळणाऱ्या खात्यात नोकरी करत होता. त्याआधीचा त्याचा बँड कार्निव्होर. तो सगळा आरडाओरडा आणि धसमुसळेपणा. त्या माणसाला बीटल्स मनापासून आवडायचे, हे ध्यानात ठेवलं की या अल्बममधल्या गोड चाली कुठून आल्या, ते कळतं.

ड्रमरबद्दल गोंधळ असेल तर प्रश्न 13 पाहा.

3. 'वाढीव आवृत्ती' म्हणजे नक्की कोणती?

मी बोलतोय ती 2007 सालची. रोडरनर रेकॉर्ड्सने आपल्या गाजलेल्या अल्बमांसाठी 'टॉप शेल्फ एडिशन' नावाची मालिका काढली होती, त्यातली ही. पहिल्या सीडीवर 17 ऑगस्ट 1993 रोजी आलेला मूळ अल्बम, चौदाच्या चौदा तुकडे, मूळ क्रमाने. दुसऱ्या सीडीवर इकडेतिकडे विखुरलेला माल : 'सस्पेंडेड इन डस्क', 'ख्रिश्चन वुमन'ची रेडिओसाठी कापलेली आवृत्ती, 'ब्लड अँड फायर'चं वेगळं मिश्रण, ब्लॅक सॅबथच्या 'ब्लॅक सॅबथ' या गाण्याचा त्यांनी केलेला अवतार, असं काय काय.

एक बारीक गोष्ट. याच 2007 मध्ये बँडचा स्वतःचा नवा अल्बम 'डेड अगेन' दुसऱ्या कंपनीकडून आला होता. म्हणजे पोरगं वेगळं राहायला गेलं आणि इकडे बापाने त्याचे लहानपणीचे फोटो फ्रेम करून हॉलमध्ये लावले. धंदा म्हणून यात काही वावगं नाही, पण दुसऱ्या सीडीकडे बघताना हे लक्षात असू द्या.

4. माझ्याकडे जुनी सीडी आहे. परत पैसे घालू का?

चौदा तुकड्यांची मूळ सीडी असेल आणि 'सस्पेंडेड इन डस्क' कुठून तरी ऐकलेलं असेल, तर नका घालू. आवाजात माझ्या कानांना जीव टाकावा असा फरक जाणवला नाही. दुसऱ्या सीडीतले कापलेले तुकडे एकदा ऐकून ठेवून देण्याजोगे आहेत. नऊ मिनिटांचं गाणं रेडिओसाठी साडेचारवर आणलं की मांड्याची घडी मोडून चपाती केल्यासारखं होतं. पोट भरतं, पण खापरावर एवढा वेळ घालवला कशाला, असं वाटतं. त्या कापलेल्या 'ख्रिश्चन वुमन'ला बँडने स्वतःच 'चाटूगिरी करून विकली गेलेली आवृत्ती' अशा अर्थाचं नाव दिलंय. त्यांनाही ठाऊक होतं.

मात्र तुमच्याकडे नऊ गाण्यांची डिजिपॅक (पुठ्ठ्याच्या घडीतली) सीडी असेल, तर उत्तर बदलतं. मग ही आवृत्ती घ्याच. का, ते प्रश्न 6 मध्ये.

5. स्ट्रीमिंगवर ऐकलं तर चालेल का? मला नक्की कोणता अल्बम मिळालाय, हे कसं ओळखू?

चालेल. सीडीवाले नाक मुरडतात, तिकडे लक्ष देऊ नका. ओळखायची सोपी खूण : पहिला तुकडा 'मशीन स्क्रू' असेल तर तो मूळ क्रम, अंदाजे 73 मिनिटांचा. थेट 'ख्रिश्चन वुमन'ने सुरुवात होऊन शेवटी 'ब्लॅक नंबर वन' येत असेल, तर डिजिपॅकचा क्रम. शफल मात्र बंद करा. हा अल्बम शफलवर ऐकणं म्हणजे तमाशाला शेवटच्या अर्ध्या तासात जाऊन गण कुठे गेला म्हणून विचारणं.

6. डिजिपॅकमधून गाणी गायब का आहेत? आणि लोक त्यालाच 'खरा' अल्बम का म्हणतात?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि माझं मतही याच ठिकाणी सगळ्यात जास्त पेटतं. सविस्तर लिहितो.

मूळ अल्बममध्ये तीन प्रकारचा माल आहे. पहिला म्हणजे लांबलचक उदास गाणी. दुसरा, दोन हार्डकोर पद्धतीची धडाकेबाज, खवचट गाणी : 'किल ऑल द व्हाइट पीपल' आणि 'वी हेट एव्हरीवन'. तिसरा, मधे मधे पेरलेले चार आवाजी तुकडे : 'मशीन स्क्रू', 'फे रे कम आउट अँड प्ले', 'डार्क साइड ऑफ द वूम्ब' आणि '3.0.आय.एफ.'. कुणी कण्हतंय, कुणी किंचाळतंय, तान्हं मूल रडतंय, असला प्रकार.

अल्बम चालायला लागल्यावर जी डिजिपॅक आवृत्ती निघाली, तिच्यात दुसरा आणि तिसरा प्रकार सरळ काढून टाकला. मी हिशेब केला. साधारण साडेचौदा मिनिटं बाहेर, आणि 'सस्पेंडेड इन डस्क'ची साडेआठ मिनिटं आत. उरलेल्या गाण्यांचा क्रमही बदलला. 'ब्लॅक नंबर वन' तिसऱ्या जागेवरून उचलून सगळ्यात शेवटी नेलं. हाती आला तो सलग 67 मिनिटांचा, एकसंध, काळाभोर अल्बम. त्यात डाग नाही, ठिगळ नाही. म्हणून पुष्कळांना तोच खरा वाटतो. पंधरा वर्षं मलाही वाटायचा. आल्या-गेल्याला मी छातीठोकपणे सांगायचो की मूळ अल्बम कच्चा आहे, हा पिकलेला.

वाढीव आवृत्ती आणल्यावर पहिली सीडी मी जवळजवळ उपकार म्हणून लावली. आणि झालं भलतंच. 'ब्लॅक नंबर वन'ची अकरा मिनिटं संपतात, माणूस हळवा होऊन बसतो, तोच ती किंकाळी येते, आणि मागोमाग 'किल ऑल द व्हाइट पीपल' डोक्यात टपली मारून जातं. चिडचिड होते. मग आपोआप हसू येतं. त्या हसण्याच्या पाठोपाठ 'समर ब्रीझ' सुरू झालं की ते आधी कधी लागलं नव्हतं, एवढं लागतं.

लहानपणी आजोबांसोबत जत्रेत तमाशा पाहायचो. बतावणी लांबली की मी कंटाळायचो आणि वग कधी सुरू होणार, म्हणून त्यांच्या धोतराला झोंबायचो. ते म्हणायचे, सोंगाड्याने हसवलं नाही तर राजा मेल्यावर रडशील कसा? डिजिपॅकमध्ये नेमका सोंगाड्या काढून टाकलाय. राजा आहे, राणी आहे, तलवारी आहेत, पडदाही झकास आहे, पण रंग भरत नाही. स्टील हा राजा आणि सोंगाड्या दोन्ही होता. मूळ अल्बमवर त्यांनी छापलेलं एक वाक्य आहे, त्याचा अर्थ असा : प्रतिभेच्या अभावाला अलौकिक बुद्धी समजू नका. असं छापणाऱ्या माणसाकडून एकसंध काळोखाची अपेक्षा करणं हीच आपली चूक.

तेव्हा माझं मत बदललंय. ज्यांना मी आधी उलटं सांगितलं, त्यांची माफी मागतो.

7. पहिलंच गाणं स्पीकरवर लावलं आणि आई स्वयंपाकघरातून धावत आली. काय आहे हे?

'मशीन स्क्रू'. चाळीस सेकंद. यंत्राचा आवाज आणि बाईचं कण्हणं. हा प्रश्न मला दरसाल किमान दोन पोरांकडून येतो, आणि दर वेळी उशिराच येतो.

हा अल्बम वाड्यात, चाळीत किंवा संयुक्त कुटुंबात स्पीकरवर लावायचा नाही. लावायचाच असेल तर तिसऱ्या तुकड्यापासून सुरुवात करा आणि चौथा तुकडा आला की आवाज कमी करा. मुखपृष्ठावर दोन बायका बिलगलेल्या आहेत, त्यामुळे सीडीची डबी टीव्हीच्या कपाटात दर्शनी ठेवू नये. आमच्याकडे ती बरीच वर्षं एका नामांकित गायकाच्या भजनांच्या डबीत राहिली. पाहुण्यांनी एकदा भजनं लावायला सांगितली, त्या प्रसंगाबद्दल इथे लिहीत नाही.

8. 'ख्रिश्चन वुमन' धर्माच्या विरोधात आहे का?

चिडवणारं आहे, विरोधात आहे असं मला वाटत नाही. स्टील कॅथलिक घरात वाढला होता. गाण्याचे तीन भाग आहेत. एका बाईचं देवाच्या मूर्तीवर प्रेम जडतं. ती भक्ती की शरीराची ओढ, हे तिलाच कळत नाही. आणि शेवटच्या भागात गाणारा हळूच सुचवतो की येशू दिसायला माझ्यासारखाच आहे. शेवटचा भाग म्हणजे परत सोंगाड्या.

देवाला प्रियकर मानून तळमळणारी बाई आपल्याला नवी नाही. ज्ञानेश्वरांच्या विराण्या वाचलेल्या माणसाला धक्का बसायचं कारण नाही. बरोबरी करत नाही, कुठे इंद्रायणी नि कुठे ब्रुकलिन. तिकडची बाई पापाच्या भीतीने अर्धमेली झालेली आहे, आणि गाण्याचा सगळा ताण त्या भीतीतच आहे.

9. 'किल ऑल द व्हाइट पीपल' हे नाव वाचून घाबरलो. हे लोक वंशवादी होते का?

पहिल्या अल्बममधल्या (1991) काही ओळींवरून युरोपात त्यांच्यावर नाझी असल्याचा आरोप झाला, कार्यक्रमांच्या ठिकाणी निदर्शनंही झाली. त्यावर स्टीलने दिलेलं उत्तर म्हणजे ही दोन गाणी. एका बाजूचे आम्हाला वंशवादी म्हणतात तर घ्या, गोऱ्यांनाच मारा म्हणतो. आणि दुसऱ्यात, आम्ही सगळ्यांचाच द्वेष करतो, हिशेब मिटला.

खवचटपणा म्हणून ते समजतं. पण सगळं गमतीत घालवण्याच्या मताचा मी नाही. स्टीलच्या जुन्या लेखनात, विशेषतः बायकांबद्दल, असं बरंच आहे जे वाईट आहे आणि विनोदाच्या नावाखाली सुटू नये. 'ब्लडी किसेस'पर्यंत येता येता तो द्वेष बराचसा स्वतःकडे वळलेला दिसतो. मला हा अल्बम सोसतो, पहिला सोसत नाही. तुमचं तुम्ही ठरवा.

10. शेवटच्या गाण्यात सतार आहे का, की कीबोर्डची करामत?

खरी आहे. 'कान्ट लूज यू'मधली. अल्बमवर पॉल बेंटो याचं नाव सतार आणि तानपुऱ्यासाठी दिलेलं आहे. रागदारी शोधू नका. बीटल्सच्या वाटेने आलेली सतार आहे ती. सतारीचे सूर गिटारीच्या गुरगुरण्यात मुरवलेत. तानपुऱ्याचं काम मात्र त्यांनी बरोबर ओळखलंय : खाली एक सूर धरून ठेवायचा, वर कुणी काहीही रडो.

आमच्या आजीने हे गाणं एकदा पुरतं ऐकलं आणि विचारलं, "हाई मानूस रडी राह्यना का गाई राह्यना?" गेल्या वीस वर्षांत या बँडबद्दल यापेक्षा चांगली समीक्षा मी वाचलेली नाही.

11. 'समर ब्रीझ' आणि 'ब्लॅक नंबर वन' यांच्या मूळ गोष्टी सांगा.

'समर ब्रीझ' त्यांचं नाही. सील्स अँड क्रॉफ्ट्स या अमेरिकन जोडीचं 1972 मधलं गोड गाणं : संध्याकाळ, घर, मोगऱ्यासारखा वास, वाट बघणारी बायको. टाइप ओ निगेटिव्हने शब्द ठेवले आणि वेग नि पट्टी जमिनीखाली नेली. तोच मोगरा आता मयताच्या हारातला वाटतो. 1997 च्या 'आय नो व्हॉट यू डिड लास्ट समर' या सिनेमामुळे ते पुष्कळांच्या कानावर गेलं.

'ब्लॅक नंबर वन' म्हणजे कलपाच्या डबीवरचा नंबर. काळ्या कपड्यांतली, स्वतःच्याच प्रेमात असलेली एक मुलगी, आणि तिच्या केसांची मूळं मूळ रंगात दिसायला लागलीत, हे तिचं सगळ्यात मोठं दुःख. अकरा मिनिटांची थट्टा. गंमत म्हणजे ज्यांची थट्टा केली, त्यांनीच हे गाणं डोक्यावर घेतलं. अल्बम अमेरिकेत आधी गोल्ड, मग प्लॅटिनम झाला. रोडरनर कंपनीला असा मान मिळवून देणारा तो पहिलाच.

12. 'सस्पेंडेड इन डस्क'चा एवढा गाजावाजा का? मला तर झोप आली.

झोप येणं हा अपमान नाही. गाणं आहेच तसं. एक रक्तपिपासू, शेकडो वर्षं जगून कंटाळलेला, ना दिवसाचा ना रात्रीचा, तिन्हीसांजेला लटकलेला. आठ मिनिटांत फार काही घडत नाही. ऑर्गनचे स्वर भिंतीवरून ओल उतरावी तसे उतरतात. मूळ अल्बममध्ये नसल्यामुळे आणि बराच काळ सहज मिळत नसल्यामुळे त्याची कीर्ती वाढली, हेही खरं.

माझा आवडता क्षण शेवटाकडे आहे, पण सांगत नाही. तिन्हीसांजेला दिवा लावायच्या आधी ऐका. आमच्याकडे त्या वेळी दारात झोपू नये, केस विंचरू नयेत म्हणतात. या गाण्यातल्या बिचाऱ्याला कुणीतरी ते सांगायला हवं होतं.

13. ड्रम साल अब्रुस्काटो वाजवतो की जॉनी केली? फोटोंत केली दिसतो.

अल्बमवर साल. त्यानंतर लवकरच तो लाइफ ऑफ अ‍ॅगनी या दुसऱ्या बँडसाठी हा बँड सोडून गेला आणि बँडचं ड्रमचं सामान सांभाळणारा जॉनी केली त्याच्या जागी बसला. पुढचे दौरे, पुढचे फोटो त्याचे.

14. कॅसेटवर 'ब्लडी किसेस' हे शीर्षकगीत मधेच तुटतं. कॅसेट खराब आहे का?

नाही. 90 मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर कुणी सीडीवरून भरून दिलेली असणार. एका बाजूला 45 मिनिटं. पहिले नऊ तुकडे साधारण 41 मिनिटं खातात. दहावं, म्हणजे शीर्षकगीत, जवळजवळ अकरा मिनिटांचं आहे. सुरू होऊन चार मिनिटं झाली की 'खट्'.

माझी पहिली ओळख अशाच कॅसेटवर झाली. भुसावळला रेल्वे क्वार्टरमध्ये राहणाऱ्या एका मित्राचा भाऊ मुंबईला शिकायला होता, त्याने भरून आणलेली. माझ्यासाठी कित्येक वर्षं ते गाणं म्हणजे चार मिनिटं, खट्, कॅसेट उलटवण्यासाठी उठणं, मागे यार्डात मालगाडीचे डबे जोडल्याचा आवाज, आणि पुढची सात मिनिटं. सीडीवर पहिल्यांदा सलग ऐकलं तेव्हा त्या जागी माझा हात आपोआप पुढे गेला. अजून जातो. वाढीव आवृत्तीत काय काय वाढवलं म्हणता, माझी ती खट् काही त्यांना घालता आली नाही.

आणि हो, त्याच कॅसेटवर भरणाऱ्याने 'मशीन स्क्रू' गाळला नव्हता. प्रश्न 7 मधली आई माझीच.

15. मे महिन्यात, 45 अंशांत, बर्फाळ युरोपसारखं संगीत ऐकवतं तरी कसं?

या प्रश्नात एक गैरसमज आहे. ब्रुकलिन काही बर्फाळ युरोप नाही. आणि मंद संगीत थंडीचं असतं, असं कुणी ठरवलं? आपल्याकडे मे महिन्यात दुपारी बारा ते पाच कोण घाईत असतं? रस्ते ओस, कुत्री नालीत, बाजारपेठेत अर्धी शटरं खाली. सगळं गाव या अल्बमच्या लयीतच चाललेलं असतं.

माझी पद्धत सांगतो. रात्री साडेदहाला गच्चीवर बादलीभर पाणी मारायचं. स्लॅब आधी वाफ सोडतो, तोवर थांबायचं. अकराच्या सुमारास बाज टाकायची. लाइट गेले तर उत्तमच. दूर दीपनगर वीजकेंद्राच्या चिमण्यांवरचे लाल दिवे तेवढे दिसत राहतात. हेडफोन चढवायचे. 'समर ब्रीझ' येतं तेव्हा साडेअकराही वाजलेले नसतात, पण वाऱ्याची पहिली झुळूक साधारण 'टू लेट : फ्रोझन'च्या वेळी येते. गारठलेल्या प्रेमाचं गाणं, आणि खाली पाठीला स्लॅबची धग. सहसा शेवटच्या सतारीला मी जागा नसतो.

थंडीत ऐकून पाहिलंय. डिसेंबरात भरीत पार्टीनंतर शेतावर, शेकोटीशेजारी. चांगलं लागलं, पण बाकीचे लोक बोलत होते.

16. लग्नात किंवा हळदीला वाजवता येईल का?

चुलतभावाच्या हळदीत डीजेवाल्याला चहापाणी देऊन 'ब्लॅक नंबर वन' लावायला लावलं होतं. बासचे पहिले सूर वाजले. पोरं हात वर करून उभी राहिली, पुढचा ठेका कधी पडतोय, याची वाट बघत. ठेका पडला, पण ज्यावर नाचता येईल, असा नाही. दोनेक मिनिटांत काकांनी येऊन विचारलं, मशीन बिघडलं का? नाही, वाजवता येणार नाही.

17. बँड अजून आहे का? कधी भारतात येतील?

नाही. पीटर स्टील 14 एप्रिल 2010 रोजी वयाच्या 48 व्या वर्षी गेला आणि त्याच्यासोबत बँडही थांबला. हिकी आणि केली वेगवेगळ्या बँडांत वाजवत राहिले.

18. पुढे काय ऐकू?

याच बँडचा 'ऑक्टोबर रस्ट' (1996). तोही खोडी काढूनच सुरू होतो : पहिल्या तुकड्यात फक्त स्पीकरची वायर सैल असल्यासारखी घरघर. पोरं अजून मला फोन करून विचारतात, फाइल खराब आली का. तुम्ही तरी करू नका. इंग्लंडकडे जायचं असेल तर पॅराडाइज लॉस्टचा 'ड्रॅकोनियन टाइम्स' (1995), आणि बाईचा आवाज हवा असेल तर नेदरलँड्सच्या द गॅदरिंगचा 'मँडिलियन', तोही 1995 चाच.

19. जुनी सीडी ऑनलाइन मागवताना काय बघावं?

मागच्या बाजूचा फोटो मागवा आणि गाणी मोजा. चौदा की नऊ, एवढ्यावरून निम्मा घोटाळा टळतो. दोन सीडींची आवृत्ती घेत असाल तर दोन्ही सीडींचे फोटो वेगवेगळे मागा. मला एकदा एकाच सीडीची डबी आली होती, दुसरी जागा रिकामी. विकणाऱ्याचं म्हणणं पडलं की दुसरी 'बोनस' होती, म्हणजे ऐच्छिक. बाहेरदेशातून मागवलं तर कस्टमचा खर्च धरून चाला. आणि डबी फुटून आली तर फार मनाला लावून घेऊ नका, डबी बदलता येते.

20. दोन्ही आवृत्त्या जोडून स्वतःचा क्रम लावला तर ते पाप आहे का?

नाही. बँडने स्वतःच एकदा मोडून लावलंय (प्रश्न 6), तुम्ही लावलं तर काय बिघडलं? माझा सध्याचा क्रम असा : मूळ चौदा तुकडे जसेच्या तसे, सोंगाड्यासकट. 'कान्ट लूज यू'ची सतार विरली की अर्ध्या मिनिटाची शांतता, आणि मग 'सस्पेंडेड इन डस्क'. ते दुसऱ्या सीडीवर आहे, हे बरंच आहे, कारण उठावं लागतं. कापलेले तुकडे नाहीत. 'ब्लॅक सॅबथ'चा अवतार वेगळा, कधीतरी एकटाच ऐकायचा. एकूण ऐंशी-ब्याऐंशी मिनिटं होतात.

सुरू करायच्या आधी फक्त हेडफोनची पिन नीट बसलीय का, ते बघा. प्रश्न 7.